बाबांची ऑटोमॅटिक, मे महिना आणि गिअरबॉक्सचं तेल

गेल्या वर्षी मेमध्ये धुळ्याला मावसबहिणीच्या मुलीचं लग्न होतं, तिथून इंदूरला परत येताना गणेश घाटात आमच्या गाडीने जे केलं तिथून हे सगळं सुरू झालं. गाडी म्हणजे बाबांची कोरोला, २००६ ची, पेट्रोल, चार गिअरची ऑटोमॅटिक. बाबा आता ७८ चे आहेत, गुडघ्यांमुळे त्यांनी चालवणं सोडलं तेव्हापासून गाडी माझ्याकडे आहे, पण बाजूच्या सीटवर बहुतेक वेळा तेच असतात. मीटरवर तेव्हा १ लाख १२ हजार झाले होते.

आम्ही पंगत आटोपून दुपारी दोनला निघालो, ही पहिली चूक. अडीचशेच्या आसपास किलोमीटर, त्यात दोन चढ, आधी सातपुड्याचा बिजासन घाट आणि मग नर्मदा ओलांडल्यावर विंध्याचा, म्हणजे धामनोद सोडलं की गणेश घाट. ज्यांनी मेमध्ये निमाड बघितलंय त्यांना सांगायला नको की सेंधवा ते खलघाट या पट्ट्यात दुपारी काय असतं, काचेला हात लावला तर चटका बसतो. गाडीत चार माणसं, डिक्कीत आहेराच्या पिशव्या आणि लाडवांचा डबा, एसी फुल्ल. बिजासन कसाबसा चढली. गणेश घाटात पुढे ट्रकची रांग, सगळे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगतायत, त्यांच्या मागे थांबत-थांबत चढायचं. आधी ती तिसऱ्या-चौथ्यात उगाच खालीवर करायला लागली. मग एका जागी ट्रकला ओव्हरटेक करायला पाय दाबला तर आरपीएमचा काटा सर्रकन चार हजाराला आणि गाडी आहे तिथेच, दोन-तीन सेकंद काहीच नाही, मग एकदम धक्का देऊन गिअर लागला. मागून ट्रकचा हॉर्न. माझ्या हाताला घाम फुटला. बाबा म्हणाले, "कसला वास येतोय गं, काहीतरी करपतंय."

टेंपरेचरचा काटा मात्र बरोब्बर मधोमध. हे मला तेव्हा कळलं नाही, तो काटा इंजिनच्या कूलंटचा असतो, गिअरबॉक्स आत किती तापलाय ते या गाडीत कुठेच दिसत नाही. मानपूरला वर आल्यावर एका ढाब्यासमोर सावलीत गाडी लावली, एसी बंद केला पण इंजिन बंद नाही केलं, पी मध्ये टाकून चालू ठेवलं. हे बाबांनी सांगितलं आणि ते बरोबर होतं, कारण इंजिन चालू असलं तरच आतला पंप तेल फिरवतो आणि ते थंड व्हायला रेडिएटरपर्यंत जातं. वीसेक मिनिटांनी हळूहळू निघून घरी आलो, लोकमान्य नगरला पोचेपर्यंत रात्रीचे साडेआठ झाले. मुलं झोपली, मला काही झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिअरबॉक्सची डिपस्टिक, म्हणजे तेलाची पातळी बघायची पट्टी, काढली आणि बाबांच्या जुन्या पांढऱ्या धोतराच्या तुकड्यावर पुसली. एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल, नवीन असताना लाल असतं, डाळिंबाच्या रसासारखं. कपड्यावर जो डाग पडला तो काळपट तपकिरी, चहाच्या चोथ्यासारखा, आणि नाकाजवळ नेल्यावर करपलेल्या टोस्टचा वास. रंगावरून लगेच घाबरायचं नसतं, कारण लाल हा फक्त घातलेला रंग आहे, वापरात तो उडतोच, पण वास आला म्हणजे तेल जळलंय. एक गोष्ट बरी होती, गुलाबी दुधासारखं नव्हतं. तसं दिसलं तर समजायचं की रेडिएटरमधून पाणी गिअरबॉक्समध्ये गेलंय, आणि मग खर्च भलताच.

मग बाबांची गाडीच्या बिलांची फाइल काढली. बाबा बँकेत होते, त्यांनी २००६ पासूनचा एकेक कागद ठेवलाय, पंक्चरच्या पावत्यासुद्धा. त्यात एटीएफ बदलल्याचं एकही बिल नाही. एका गॅरेजचं एक बिल, त्यावर हाताने लिहिलेलं 'एटीएफ १ लि. टॉप-अप', कोणतं एटीएफ, कोणत्या ग्रेडचं, काही नाही. बाबांना तेव्हा त्या गॅरेजवाल्याने सांगितलं होतं की ऑटोमॅटिकचं तेल लाइफटाइम असतं, बदलावं लागत नाही. याचा मला आजही राग आहे. समोरचा माणूस विश्वासाने विचारतोय आणि तुम्ही त्याला मॅन्युअल न उघडता उत्तर देताय. गाडीच्या मॅन्युअलमध्ये तेलाचा प्रकार छापलेला आहे, टाइप टी-फोर, आणि जड वापर असेल तर ते लवकर बदला असंही आहे. आपल्याकडचा उन्हाळा, ट्रॅफिक आणि घाट, हा जड वापरच की.

म्हणजे आता आत काय होतं? बहुतेक जुनं टी-फोर आणि वर एक लिटर अज्ञात काहीतरी. नवीन कोणतं घालायचं हा प्रश्न इथून सुरू झाला, आणि खरं सांगते, पहिल्या आठवड्यात जितकी माणसं भेटली तितकी उत्तरं मिळाली.

पहिलं उत्तर आमच्या दादाचं, म्हणजे चुलत भावाचं. तो म्हणाला, आपल्याकडे उन्हात तेल पातळ होतं, तू जरा जाड ग्रेडचं घाल. ऐकायला एकदम पटतं ना? मलाही पटलं होतं. उन्हाळ्यात तूप पातळ होतं, तसंच तेल. पण जरा खोलात गेल्यावर कळलं की इथे घोळ आहे. गिअरबॉक्स नीट चालत असताना आतलं तेल ८० ते ९० अंशाच्या आसपास असतं, जानेवारीतही आणि मेमध्येही. बाहेर २४ असो की ४४, तेल काम करतं ते त्या ऐंशी-नव्वदलाच, आणि कंपनीने जाडी ठरवलीय तीही तेच डोक्यात ठेवून. बाहेरच्या उन्हाचा फटका तेलाच्या जाडीला तितका बसत नाही, तो बसतो गरमी बाहेर फेकण्याला. रेडिएटरवर येणारी हवाच ४४ ची, तर तो तेलाला थंड काय करणार? मग ऐंशीचं शंभर होतं, शंभरचं एकशेवीस, आणि तिथून तेल जळायला लागतं. ढोबळ हिशोब असा सांगतात की तापमान दर दहा अंशांनी वाढलं की तेलाचं आयुष्य निम्मं होतं. म्हणजे नव्वदला जे तेल साठ हजार किलोमीटर टिकलं असतं ते एकशेदहाला पंधरा हजारातच संपतं. एकशेवीसच्या पुढे तर आतल्या रबरी सील कडक व्हायला लागतात, व्हॉल्व्हवर वार्निशसारखा चिकट थर बसतो.

आणि जाड तेलाने होणार काय? ऑटोमॅटिकमध्ये तेल नुसतं वंगण नाही, तेच हातपाय आहे. आतले क्लच दाबायचं काम तेलाच्या प्रेशरने होतं, इंजिनची ताकद टॉर्क कन्व्हर्टरमधून, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सला जोडणाऱ्या तेलाने भरलेल्या भागातून, तेलच पुढे नेतं, आणि गरमी वाहून नेणारंही तेच. व्हॉल्व्ह बॉडीतल्या, म्हणजे तेल कुठे जायचं ते ठरवणाऱ्या भागातल्या, काही वाटा अगदी बारीक असतात, सोलेनॉइडने, म्हणजे विजेवर चालणाऱ्या झडपेने, किती वेळात किती तेल सोडायचं हे सगळं एका ठराविक जाडीवर बसवलेलं. तिथे जाड तेल घातलं तर गिअर उशिरा लागणार, डिसेंबरात इंदूरला पहाटे दहा अंश असतं तेव्हा तर पहिला किलोमीटर गाडी ओढतच नाही असं वाटणार. दादाला हे सांगितलं तर तो म्हणाला बघ बाई तुझं तू. चांगल्या मनाने सांगत होता, इंजिन ऑइलच्या हिशोबाने विचार करत होता इतकंच.

दुसरं उत्तर जवाहर मार्गावरच्या एका दुकानात. काउंटरवरच्या मुलाला म्हणलं टोयोटाचं टी-फोर हवंय, तो आत गेला आणि टोयोटाच्याच डब्ल्यूएस नावाच्या एटीएफचा डबा घेऊन आला. "मैडम ये नया वाला है, उसी का अपग्रेड है, सब यही डलवा रहे हैं." हा सल्ला सगळ्यात धोक्याचा, कारण डबा त्याच कंपनीचा, नाव तेच, आणि नवीन म्हणजे चांगलं असं आपल्याला वाटतंच. पण डब्ल्यूएस हे टी-फोरचं अपग्रेड नाहीये, ते वेगळं तेल आहे. नंतरच्या गाड्यांसाठी बनवलेलं, मुद्दाम पातळ ठेवलेलं, पेट्रोल वाचावं म्हणून. १०० अंशाला टी-फोरची जाडी सात सेंटीस्टोक्सच्या (हे जाडी मोजायचं एकक) आसपास असते, डब्ल्यूएसची पाच-साडेपाचच्या. आणि टोयोटा स्वतः सांगते की टी-फोरच्या जागी डब्ल्यूएस चालत नाही. आता विचार करा, एक लाखावर चाललेला गिअरबॉक्स, आतल्या सील आणि रिंगा झिजलेल्या, वर घाटात एकशेवीस अंश, आणि त्यात ठरवल्यापेक्षा पातळ तेल, प्रेशर गळणारच. मुलाला मी डबा परत केला. त्याला वाईट वाटलं असेल, पण त्याच्यावर रागावण्यासारखं काही नव्हतं, त्याला जे सांगितलं गेलं तेच तो सांगत होता.

तिसरं, डेक्सरॉन. हे जनरल मोटर्सचं स्टँडर्ड, आपल्याकडे कुठल्याही ऑइलच्या दुकानात डेक्सरॉन थ्री म्हणून सहज मिळतं, कारण पॉवर स्टिअरिंगमध्ये पण तेच घालतात. बऱ्याच मेकॅनिकच्या डोक्यात एटीएफ म्हणजे डेक्सरॉन थ्री हेच बसलंय. गंमत म्हणजे जनरल मोटर्सने स्वतः डेक्सरॉन थ्रीचं लायसन्स देणं २००६ अखेर बंद केलं, म्हणजे आता डब्यावर जे लिहिलेलं असतं ते 'तसल्यासारखं' एवढंच, तपासणारं कोणी नाही. त्याच्या जागी आलेलं डेक्सरॉन सिक्स आणखी पातळ, १०० अंशाला ६.४ च्या वर नाही. जाडीने बघितलं तर डेक्सरॉन थ्री आणि टी-फोर जवळजवळ सारखे, त्यामुळे लोक म्हणतात चालतं की. पण जाडी सारखी म्हणजे तेल सारखं नाही. फरक घर्षणात आहे. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये एक लॉक-अप क्लच असतो, हायवेवर एका स्पीडला आलात की तो लागतो आणि इंजिन-गिअरबॉक्स जवळजवळ थेट जोडले जातात. टी-फोर ज्या पिढीच्या गिअरबॉक्ससाठी बनलं त्यात हा क्लच पूर्ण न लागता थोडा घसरत ठेवून पण चालवतात, आणि असा सतत घसरणारा क्लच थरथरू नये म्हणून तेलात वेगळे फ्रिक्शन मॉडिफायर, म्हणजे घर्षण कमीजास्त करणारी रसायनं, लागतात, आणि ते गरमीत टिकावेही लागतात. चुकीचं तेल असलं की साठ-सत्तरच्या स्पीडला, हलक्या पायाने चालवताना, रस्त्यावर बारीक खड्ड्यांची पट्टी असावी तशी गाडी थरथरते. आणि हे वाचल्यावर मला एकदम आठवलं, आमची गाडी तशी थरथरायची! बायपासवर दोनेक वर्षांपासून. मी टायरचं बॅलन्सिंग दोनदा करून घेतलं होतं. त्या एक लिटर टॉप-अपमुळेच ते झालं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, जुनं जळलेलं तेलही तसंच करतं, पण तेलाचाच प्रकार होता हे पुढे कळलं.

चौथं, मल्टी-व्हेईकल सिंथेटिक. डब्याच्या मागे वीस-पंचवीस स्टँडर्डची यादी, टी-फोर पण, डेक्सरॉन पण, होंडा, ह्युंदाई सगळे. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, कारण हे वाईट नाहीये. सिंथेटिक बेस ऑइल गरमीत लवकर ऑक्सिडाइज होत नाही, वापरून-वापरून पातळ होण्याचं प्रमाणही चांगल्या ब्रँडमध्ये कमी असतं, आणि आपल्यासारख्या उन्हाच्या ठिकाणी याच दोन गोष्टी हव्यात. बघायचं फक्त इतकंच की यादीत 'जेडब्ल्यूएस ३३०९' असं लिहिलंय का. हे आयसिनचं स्पेक आहे, म्हणजे जी कंपनी टोयोटाचे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बनवते तिचं, आणि टी-फोर त्याच स्पेकचं तेल आहे. शिवाय डबा नामांकित असावा आणि १०० अंशाची जाडी सातच्या आसपास असावी, ती कंपनीच्या डेटा शीटमध्ये मिळते. हे सगळं जुळणारं एक तेल मिळालंही होतं, टी-फोरपेक्षा महाग.

तरी मी शेवटी टी-फोरच घेतलं. कारण साधं होतं. आत काय मिसळलंय ते मला माहीत नाही, गिअर आधीच घसरतोय, अशा वेळी मला एकच गोष्ट पक्की हवी होती की मी जे घालतेय ते तरी शंभर टक्के बरोबर आहे. म्हणजे उद्या परत काही झालं तर तेलाकडे बोट दाखवायला नको. आणि महाग तेल एकदा घालून वर्षानुवर्षं विसरण्यापेक्षा साधं बरोबर तेल लवकर-लवकर बदललेलं या गाडीला जास्त मानवेल असं मला वाटलं, अजूनही वाटतं. ऑर्डर देऊन चार दिवसांनी आलं, चार लिटरचे दोन डबे आणि एक लिटरचे दोन. पक्कं बिल घेतलं, झाकणाचं सील आणि बॅच नंबर बघून घेतले. नकली तेल सगळीकडे फिरतंय, ऑटोमॅटिकमध्ये ते गेलं तर गिअरबॉक्सच गेला.

दहा लिटर का, तर हाही एक मुद्दा. खालचा ड्रेन प्लग उघडला की या गाडीतून जेमतेम तीन लिटर येतं. आत एकूण त्याच्या दुपटीहून जास्त असतं, बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आणि पाइपांमध्ये अडकलेलं. म्हणजे एका वेळी निम्म्यापेक्षा थोडं कमीच बदलतं. एकदा काढून भरलं की साधारण ४५ टक्के नवीन, दुसऱ्यांदा ७० च्या घरात, तिसऱ्यांदा ८० च्या वर. एका गॅरेजने मशीनने फ्लश करून एका दिवसात सगळं बदलून देतो म्हणून सांगितलं. मी नको म्हणलं. इतकी वर्षं न बदललेल्या गिअरबॉक्समध्ये मशीनच्या प्रेशरने गाळ सुटून व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसला तर? हळूहळूच बरं.

काम केलं महू नाक्याजवळच्या उस्तादांनी. ते तीस वर्षं बाबांच्या गाड्या बघतायत, स्कूटरपासून. त्यांनी स्वतःच सांगितलं की ऑटोमॅटिक मी फार खोललेले नाहीत, पण तुम्ही कागद घेऊन बसा, जसं लिहिलंय तसं करू. मला हा माणूस त्यासाठीच आवडतो. एल-की लावून ड्रेन प्लग उघडला, गरम तेल काळी धार धरून तसराळ्यात पडलं, आणि सगळ्या गॅरेजमध्ये तो करपट वास. तेल तसंच फेकायचं नव्हतं, मापाच्या डब्यात ओतून मोजलं, दोन लिटर नऊशे, म्हणजे घालायचंही तितकंच. मग पॅन, म्हणजे गिअरबॉक्सच्या खालचा तेलाचा ट्रे, काढला. पॅनच्या तळाशी लोहचुंबक बसवलेले असतात, लोखंडाचा बारीक कीस धरून ठेवायला. हा क्षण मला सगळ्यात भीतीचा होता. चुंबकांवर काळा-राखाडी लेप, काजळासारखा, उस्तादांनी बोटाने काढून अंगठ्यावर चोळून मला दाखवला. मऊ होता, टोचला नाही. मऊ लेप म्हणजे नेहमीची झीज, धातूच्या कपच्या किंवा चकचकीत सळ्या निघाल्या असत्या तर तेल बदलून काही उपयोग नव्हता, गिअरबॉक्स खोलावाच लागला असता. उस्ताद म्हणाले, "बेटा, बच गई." मी बाबांना तिथूनच फोन केला.

पॅन केरोसीनने धुऊन, वाळवून, चुंबक पुसून, नवीन स्ट्रेनर (तेल गाळायची जाळी) आणि नवीन गॅस्केट घालून परत बसवला. पॅनचे बोल्ट फार आवळायचे नसतात, पत्रा वाकला की गळती कायमची. तेल डिपस्टिकच्याच नळीतून लांब नरसाळ्याने घातलं.

लेव्हल बघण्याची रीत नीट सांगते कारण इथे बहुतेक जण चुकतात. इंजिन ऑइल आपण गाडी बंद करून बघतो, यात इंजिन चालू ठेवून बघायचं. गाडी सपाट जागेवर, आधी दहा-पंधरा किलोमीटर चालवून तेल गरम झालेलं, ब्रेक दाबून लिव्हर पी पासून एल पर्यंत प्रत्येक जागी दोन-तीन सेकंद थांबवत न्यायचा आणि परत पी ला आणायचा, आणि मग इंजिन चालू असतानाच डिपस्टिक काढून पुसून परत घालून बघायची. पुसायला दोरे न सुटणारा कपडा. डिपस्टिकवर दोन पट्टे असतात, कूल आणि हॉट. कूलचा पट्टा हा तेल २० ते ३० अंशाला असतानाचा, आता गाडी चालवून तेल गरम केल्यावर तो पट्टा आपल्या काय कामाचा! हॉटचाच धरायचा, तो ७० ते ८० अंशाचा. आणि कमी नको तसं जास्तही नको, जास्त झालं तर आत फेस होतो, फेसाला प्रेशर नसतं, आणि तेल अजूनच तापतं.

आता गरमीचं. तेल नवीन घालून प्रश्न अर्धाच सुटणार होता, कारण जुनं तेल जळलं ते का जळलं हे तर राहिलंच. उस्तादांकडे लेझरवाली टेंपरेचर गन आहे. चकचकीत धातूवर ती कमी दाखवते म्हणून पॅनवर काळ्या टेपचा तुकडा चिकटवला आणि त्यावर मारली. दुपारी राजवाड्यापर्यंत ट्रॅफिकमधून जाऊन आलो, एसी चालू, ९८ दाखवलं. घाट नाही, ओझं नाही, नुसत्या शहरात ९८, आणि ते पॅनच्या बाहेरून! मग त्यांनी पुढचा बंपर उतरवला. एसीचा कंडेन्सर आणि मागचा रेडिएटर यांच्या मधल्या फटीत धुळीचा आणि मेलेल्या किड्यांचा नमदा बसला होता, हाताने ओढून काढावा असा. या गाडीत गिअरबॉक्सचं तेल रेडिएटरच्या खालच्या टाकीतून फिरून थंड होतं, म्हणजे रेडिएटर कोंडला की गिअरबॉक्स कोंडला. हवा मागून पुढे मारून, साबणाच्या पाण्याने, हलक्या धारेने दोन तास साफ केलं, जोराची धार मारली तर पातळ पाती मुडपतात. कूलंटही बदललं. पुढच्या दिवशी त्याच वेळी, त्याच रस्त्याने, त्याच टेपवर ८४. चौदा अंश कमी, आणि त्यासाठी तेलाचा एक थेंब बदलावा लागला नव्हता. वेगळा एटीएफ कूलर लावायचाही विचार केला होता, रेडिएटरच्या पुढ्यात छोटा जाळीदार असतो तो, दर आठवड्याला घाट चढणारा असता किंवा ८४ आलं नसतं तर लावलाच असता, आम्हाला गरज पडली नाही.

पहिल्या वेळी बदलल्यावर गिअर घसरणं थांबलं, धक्का थोडा राहिला. तीन आठवड्यांनी, सहाशे किलोमीटर झाल्यावर दुसऱ्यांदा, निघालेलं तेल विटकरी. जुलैत तिसऱ्यांदा, तेव्हा निघालेलं जवळजवळ लालच होतं, उस्ताद म्हणाले हे तर नवीनच काढतोय आपण. बायपासवरची थरथर दुसऱ्या वेळेनंतर गेली ती गेलीच. काढलेलं सगळं तेल कॅनमध्ये भरून जुनं ऑइल गोळा करणाऱ्याकडे दिलं, नालीत टाकलं नाही, हे मी मुद्दाम उभं राहून बघितलं.

चालवण्यात मी दोन गोष्टी बदलल्या. चढ सुरू व्हायच्या आधीच लिव्हरवरचं ओव्हरड्राइव्हचं बटण दाबून चौथा बंद करते, मीटरवर 'ओडी ऑफ' चा दिवा लागतो. मग ती तिसऱ्या-चौथ्यात हेलकावे खात नाही, पेट्रोल थोडं जास्त जातं, जाऊ दे. आणि मेमध्ये दुपारी निघायचं नाही.

यंदा एप्रिलच्या शेवटी परत धुळ्याला गेलो, मावशीला बघायला. येताना पहाटे साडेचारला निघालो, बिजासनला उजाडलं, खलघाटला नर्मदेवर थांबून चहा घेतला. धामनोदच्या पुढे मी बटण दाबलं, बाबांनी दिवा लागलेला बघितला आणि काच थोडी खाली केली. तेच ट्रक, तीच रांग. मी नाकाने वास घेत होते, बाबाही घेत होते, दोघांनी एकमेकांना सांगितलं नाही. काटा अडीच हजाराच्या वर गेला नाही. मानपूरला आल्यावर बाबा म्हणाले, "कॅनमध्ये एक लिटर राहिलं होतं ना गं? ते उन्हात नको ठेवूस, आतल्या खोलीत ठेव." बॉनेटच्या आत मी एक चिठ्ठी चिकटवलीय, टी-फोर, तीन लिटर, पुढचं १ लाख ३० हजारला.